पंख्याचा मान आणि माझे कोरडे डोळे

प्रिय आर्या आणि सिद्धांत,

आर्या, परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "आजी, माझा नंबर परत बदलला. इथले डॉक्टर म्हणतात लेन्स लावून बघू. तू तर इतकी वर्षं घालतेस, काही त्रास होत नाही ना?" मी "नाही गं" म्हटलं आणि जेवणाचं विचारायला लागले. फोन ठेवला आणि मला माझाच राग आला. गेल्या वर्षी माझा उजवा डोळा जाता जाता राहिला. तुमच्या परीक्षा होत्या म्हणून तुमच्या आईशिवाय तिकडे कोणाला काही सांगितलं नव्हतं. आमच्या फोनचा कॅमेरा बिघडलाय असं तुम्ही ऐकलं असेल. कॅमेरा चांगला होता.

म्हणून हे लिहायला घेतलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही भराभर वाचलं असतं. पण यातली माणसं इंग्रजीत बोलायला लागली तर मलाच हसू येईल. अडलं तर आईला विचारा. मी हे एका बैठकीत लिहू शकणार नाही, त्यामुळे कुठे तुटक वाटलं तर समजून घ्या. लेन्स डोळ्यात असते तेवढाच वेळ मला कागद दिसतो.

रुळांमधली खडी

माझे वडील, आप्पा, दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. रेल्वे कॉलनीजवळच्या इंग्रजी शाळेत त्यांनी मला घातलं आणि पुढे पुण्याला कॉलेजात पाठवलं. तिथे मला फळा दिसेना. चष्मा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. शेवटी एका डॉक्टरांनी आप्पांना समोर बसवून सांगितलं की हिच्या बुबुळाचा पुढचा भाग गोल राहिलेला नाही, शंकूसारखा टोकदार होत चाललाय. त्यामुळे सगळं पसरट आणि दुहेरी दिसतं, आणि चष्म्याने ते फारसं सुधारणार नाही. वरून कडक लेन्स बसवली तर दिसेल.

लेन्स घालून मी दौंड स्टेशनवर उतरले तेव्हा रुळांमधली खडी मला सुटी सुटी दिसली. आदल्या वर्षभरात तिचा नुसता करडा पट्टा झाला होता. मी प्लॅटफॉर्मवर उभी राहून खडी बघत होते आणि आप्पा विचारत होते, "काय पडलं काय तुझं?"

तेव्हापासून लेन्स म्हणजेच माझे डोळे. शिरूरच्या ज्युनिअर कॉलेजात मी इंग्रजी शिकवायचे, दौंडहून रोज एसटीने. वाटेत धूळ किती, हे तुम्ही सुट्टीत आलात तेव्हा बघितलंय. डोळ्यात कण गेला की मी चालत्या गाडीत लेन्स काढून तळहातावर घ्यायची, बाटलीतल्या औषधाने धुवायची, परत घालायची. कंडक्टर ओळखीचा होता. तो पुढून ओरडायचा, "मॅडम, दमानं, खड्डा हाय!"

हे सगळं अशासाठी सांगितलं की इतरांचे डोळे कोरडे पडले तर त्यांना सांगतात, लेन्स सोडा, चष्मा लावा. मला लेन्स सोडा म्हणणं म्हणजे बघणं सोडा म्हणणं.

नळ चालू, वाफा कोरडा

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांत सुरू झालं. संध्याकाळ झाली की लेन्सखाली वाळूचा कण असल्यासारखं वाटायचं. काढून बघावं तर काही नाही. सकाळी पापण्या चिकटलेल्या. दुपारी वारा सुटला की डोळ्यांतून घळाघळा पाणी. कोणीतरी म्हणालं, तुझे डोळे कोरडे पडलेत. त्यावर तुमचे आजोबा म्हणाले, "कोरडं कुठलं? नळ चालूच हाय की हिचा सकाळपासून."

मलाही ते पटलं. डोळ्याला पाणी येतंय म्हणजे डोळा ओलाच असणार, अशी माझी समजूत. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की डोळा कोरडा पडला की तो घाबरून नुसतं पातळ पाणी सोडतो. ते डोळ्यावर टिकत नाही, गालावर येतं. पाण्यावर तेलाचा जो बारीक थर पापण्यांनी धरायचा असतो, तो माझ्या पापण्या नीट धरत नव्हत्या. वयाने, आणि इतक्या वर्षांच्या लेन्सने. आजोबा शेतावर वाढलेले, म्हणून त्यांना त्याच भाषेत सांगितलं, "पाटाला पाणी सोडलं, पण वाफ्याला बांधच नाही."

"मग वाफा कोरडाच की," आजोबा म्हणाले, आणि तेव्हा कुठे आम्हा दोघांनाही कळलं. पण हे झालं नंतर. तोवर मी औषधाच्या दुकानातून थेंब आणायची, वाटेल तेव्हा घालायची, आणि लेन्स सकाळपासून झोपेपर्यंत डोळ्यातच ठेवायची.

पंखा

आता पंख्याचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

आपल्याकडे मोठ्या माणसाला खुर्ची देतात, पहिला चहा देतात आणि पंखा देतात. लग्न असो, बारसं असो, कोणाकडे दुःखाला भेटायला गेलेलं असो, शिकवणाऱ्या बाईंना बघितलं की आवाज येतो, "अरे, मॅडमकडं करा पंखा!" फिरत्या पंख्याच्या पाठीवर एक खुंटी असते. ती वर ओढली की त्याची मान थांबते. मोठ्या माणसाला मान द्यायचा असला की पंखा नुसता वळवत नाहीत, खुंटी ओढून जागेवर धरून ठेवतात. बाकीचे घामाने निथळत बसतात आणि सगळा वारा एका माणसाच्या तोंडावर.

हा वारा माझ्या डोळ्यांना काचतो, हे मला केव्हाचं कळलं होतं. पण तो नको म्हणणं म्हणजे पुढे केलेला चहा परत करण्यासारखं. मी डोळे बारीक करून बसायची.

खुटबावला आजोबांची थोरली बहीण असते, तुमची आक्का आजी. तुम्ही तिच्याकडे गुऱ्हाळातली गरम काकवी खाल्ली होती. तिथल्या विहाराची किल्ली आक्कांकडे असते. आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथ मोठ्याने वाचतात आणि बाकीचे बसून ऐकतात. निवृत्त झाल्यापासून रविवारचं वाचन माझ्याकडे होतं. मला त्याचा किती अभिमान होता ते आता सांगायला हरकत नाही. घरात पहिली शिकलेली बाई मी, आणि ज्यांना अक्षरओळख नाही अशा आयाबाया माझ्या तोंडून ऐकायला कामं टाकून यायच्या.

तो रविवार

आम्ही दौंडहून दुपारच्या शटलने गेलो. वारं इतकं होतं की विहाराच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. आत मेणबत्त्या, अगरबत्त्या आणि दाटीवाटीने बसलेली माणसं. लेन्स सकाळपासून डोळ्यात होत्या आणि उजवीकडची आधीच टोचत होती.

"शालिनी, घामाघूम झालीस की गं," आक्का म्हणाल्या. मग मागे वळून, "ए सुनंदा, कर पंखा तिकडं. आगं, फिरू देऊ नको, धर त्येला!"

खुंटी ओढल्याचा आवाज मला ऐकू आला.

पहिलं पान बरं गेलं. दुसऱ्या पानावर अक्षरं एकमेकांवर चढायला लागली. पापणी मिटली तर लेन्स हलत नव्हती, जणू कोणी डिंकाने चिकटवली होती. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी पाठ होतं तेवढं पाठ म्हणत राहिले. माझ्या गालावर पाणी बघून समोरच्या बायकांना वाटलं, मॅडमला गहिवरून आलं. त्याही पदर डोळ्याला लावायला लागल्या. सबंध विहार रडत होतं आणि मी मनात म्हणत होते, कोणीतरी तो पंखा बंद करा.

वाचन कसंबसं संपवून मी मागच्या बाजूला गेले. डावी लेन्स निघाली. उजवी निघेना. माझे थेंब दौंडला दुसऱ्या पिशवीत राहिले होते. मी पापणी ताणली, बोटाने ढकलली, नखाने कडा उचलायला बघितली. आक्का धावत आल्या, टाकीतलं पाणी तांब्यात घेऊन. "मार पानी, मार, सुटंल." मी दोन ओंजळी डोळ्यावर मारल्या आणि लेन्स ओढली. ती निघाली, पण एखाद्या जखमेवरची खपली निघावी तशी.

परतीच्या गाडीत मी रुमाल धरून बसले. आजोबा विचारत होते, "लई दुखतंय का?" मी म्हटलं, थोडं. सकाळी उठले तर खिडकीतला उजेड सुईसारखा डोळ्यात शिरला आणि मी ओरडले.

मधलं आणि बाजूचं

प्रशांतमामाने शिरूरला नेलं. तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात पुण्याहून बुबुळाच्या डॉक्टर रोज येतात. तरुण मुलगी, आवाजावरून तुमच्या आईपेक्षा लहान. तिने डोळ्यात पिवळं औषध घातलं, निळा दिवा लावला आणि बराच वेळ बोललीच नाही. मी जन्मभर मुलांच्या तोंडी परीक्षा घेतल्या. समोरचा गप्प झाला की काय समजायचं असतं, ते मला माहीत आहे.

"आजी, लेन्स कशी काढलीत?"

मी सांगितलं.

"आणि डोळा कुठल्या पाण्याने धुतलात?"

"टाकीतल्या."

तिने निळा दिवा परत डोळ्यावर धरला, मग म्हणाली, "बुबुळ इतकं कोरडं होतं की लेन्सबरोबर त्याची साल निघालीय. उघड्या जागी जंतू बसलेत. तिथे पांढरा डाग दिसतोय. आत्ता तो मध्यापासून थोडा बाजूला आहे. बाजूला आहे तोवर बरं. मध्याकडे सरकला तर नजर जाईल."

जंतू साधे असले तर थेंबांनी आटोक्यात येतील, पण साठवलेल्या पाण्यातले असले तर महिनोन् महिने लागतील, कदाचित बुबुळ बदलावं लागेल, असं ती म्हणाली. कुठले ते कळायला डाग खरवडून तपासायला पाठवावा लागेल.

"आणि डावा डोळा?" मी विचारलं.

"तोही कोरडाच आहे. त्यालाही लेन्स नाही. मी सांगेपर्यंत एकही लेन्स नाही."

मी चष्मा लावला. समोर पांढरा कोट, त्यावर एक गव्हाळ गोळा. इतकंच. दवाखान्यातून बाहेर पडताना पायरी होती, ती मला दिसली नाही. प्रशांतने दंड धरला. लहानपणी हायवे ओलांडताना मी त्याचा तसाच धरायची.

"तुमचा पिकला न्हाई का?"

मला तिथेच दाखल करून घेतलं. दर तासाला थेंब, दोन प्रकारचे, मध्ये थोडं थांबून. बाकीच्या सगळ्या बायका मोतीबिंदूच्या. सकाळी यायच्या, दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून हसत घरी जायच्या. शेजारच्या कॉटवरच्या बाईंनी विचारलं, "काय वो, तुमचा पिकला न्हाई का अजून?"

"मला मोतीबिंदू नाही. बुबुळाला जखम आहे."

"आगं बया. नवऱ्यानं मारलं?"

माझ्या कॉटशी बसलेले आजोबा ताडकन उठले. "न्हाई हो मावशी! लेन्सनं झालं, लेन्सनं!" त्या दिवसभर येणाऱ्या प्रत्येकीला ते आपण होऊन सांगत होते की लेन्सनं झालं.

आजोबा रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे वेळेचे पक्के. सिस्टर दुसरीकडे अडकल्या की ते हातात बाटली घेऊन उभे राहायचे. पण डोळ्याला हात लावायची त्यांना भीती. पहिला थेंब नाकावर पडला, दुसरा कानात. "अहो, कानात गेला," मी म्हटलं. "कानाला पन लागतंच की काहीतरी," ते म्हणाले.

रोज सकाळी डॉक्टर दिवा लावून बघायची. मी श्वास धरून हनुवटी त्या यंत्रावर टेकवायची. "तेवढाच आहे," असं म्हणाली की दिवस पार पडायचा. एका सकाळी म्हणाली, "थोडासा वाढल्यासारखा वाटतोय. संध्याकाळी परत बघू." त्या दिवशी मी जेवले नाही. डोळे मिटून तुमचे चेहरे आठवायला लागले. सिद्धांतच्या भुवईवरचा तीळ डाव्या बाजूला की उजव्या, ते मला आठवेना. मी इतकी घाबरले की आजोबांना फोनमधला फोटो शोधायला लावला. "डावीकडं," ते म्हणाले. "हाय तिथंच हाय. कुठं जातोय?"

संध्याकाळी डॉक्टरने मोजून बघितलं. वाढला नव्हता. दोन दिवसांनी तपासणीचं कळलं, जंतू साधे होते. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आजी, सुटलात." मला नेहमी सगळे मॅडम म्हणतात. आजी म्हटलेलं मला सुरुवातीला आवडत नव्हतं. त्या दिवशी आवडलं.

डबा कुठे ठेवायचा

दवाखान्यातून प्रशांतकडे, शिरूरच्याच घरी. जखम भरत आली होती, पण लेन्स नाही, आणि दिवसभर थेंब. रेखामामी कारेगावच्या कारखान्यात ऑफिसात आहे. ती रजा काढून घरी राहिली, मग रजा संपल्यावर कामाच्या आधी आणि नंतर माझं बघायला लागली.

तुम्हाला माहीत आहे, मला वस्तू जागच्या जागी लागतात. दिसत नव्हतं तेव्हा तर हे वेडच लागलं. चहाचा डबा डावीकडे, साखर त्याच्या मागे, तांब्या कोपऱ्यात. एके सकाळी स्वयंपाकघरातून मला रेखाचा आवाज आला. ती प्रशांतला सांगत होती, "माझंच घर आहे आणि मलाच कप सापडत नाही. आईंना दिसत नाही, तरी हुकूम चालू. डबा डावीकडे! मला रडू येतंय आता."

थोड्या वेळाने ती थेंब घालायला आली. माझी पापणी हलकेच खाली ओढून म्हणाली, "वर बघा." मग थांबून, "ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं."

"बरं झालं. उद्यापासून डबा उजवीकडे." आणि थेंब अचूक डोळ्यात पडला. तिचा कधी चुकला नाही. मी डबा उजवीकडे शोधायला शिकले.

त्याच आठवड्यात आक्का आल्या. प्रशांतने फोनवर त्यांना पंख्याचं आणि टाकीच्या पाण्याचं सांगून टाकलं होतं. त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. दारात पांढरी साडी दिसत होती, चेहरा दिसत नव्हता.

"म्हंजी तुझं डोळं मी घालवलं व्हय?"

"नाही हो आक्का. असं कोण म्हणालं?"

"प्रशांत म्हणला. माझा पंखा, माझा तांब्या. पोटच्या पोरीगत जीव लावला तुला, आन् ह्ये."

"मीच सांगायला हवं होतं, की वारा सोसत नाही."

"मग सांगायचं की! तोंड नव्हतं का? जलमभर पोरांला इंग्रजी शिकवलंस, आन् तुला 'नको' म्हणाया येत न्हाई?"

मी उठून हात पुढे केला, पण त्या नेमक्या कुठे आहेत ते मला कळलं नाही. माझा हात चौकटीला लागला. चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. चहासुद्धा घेतला नाही. पुढे बरेच महिने त्यांचा फोन नाही. डोळ्याच्या दुखण्यात हे दुखणं मी धरलंच नव्हतं.

धुकं

जखम भरली. बुबुळाच्या कडेला एक पुसट डाग राहिला आहे, मध्याच्या बाहेर. पण डोळे कोरडेच, त्यामुळे जुन्या कडक लेन्स कायमच्या बंद. त्या महिन्यांत मी तुमच्याशी कॅमेरा बंद ठेवून बोलायची, कारण माझे डोळे कुठे बघताहेत ते तुम्हाला कळलं असतं. एकदा फोनवर एक जाड आवाज "हॅलो आजी" म्हणाला. मला वाटलं तुमच्याकडे कोणी पाहुणा आलाय. तो सिद्धांत होता. आवाज फुटला होता. मी तोंडाने "अरे वा" म्हटलं, पण तो बोलताना कसा दिसतो हे मला बघायचं होतं.

डॉक्टर म्हणाली, घाई करायची नाही, आधी पापण्या सुधारू. रोज सकाळी आणि संध्याकाळी गरम पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं मिटल्या डोळ्यांवर ठेवायचं, निवलं की परत गरम करायचं, मग पापण्यांच्या कडा हलक्या हाताने दाबत पुसायच्या. टिकवण्याचं रसायन नसलेले थेंब, छोट्या छोट्या नळ्यांतले, एकदा उघडली की त्या दिवसापुरतीच. आणि पापण्या मिटणं. मला वाटायचं पापण्या काय, आपोआप मिटतात. पण वाचताना, फोन बघताना आपण अर्ध्याच मिटतो, आणि तेही विसरून जातो. म्हणून वाक्य संपलं की डोळे पूर्ण मिटायचे, क्षणभर थांबायचं, मग उघडायचे. हे अंगवळणी पडायला मला लेन्स घालायला शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

मग तिने पुण्याहून मोठी लेन्स मागवली. ही बुबुळाला टेकतच नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते आणि मध्ये वाटीसारखी पोकळी राहते. त्या वाटीत दुकानात सीलबंद मिळणारं निर्जंतुक खारं पाणी भरायचं, टेबलावर आरसा आडवा ठेवायचा, जमिनीकडे तोंड करून वाकायचं आणि वाटी न सांडता डोळ्यात बसवायची. म्हणजे बुबुळ दिवसा पाण्यातच राहतं. पहिल्या आठवड्यात मी निम्मं पाणी आरशावर सांडलं. आत हवेचा बुडबुडा राहिला की परत काढा, परत भरा. आजोबा बाजूला टॉवेल घेऊन उभे. "बसली का?" "नाही." "आता?" "बोलू नका हो!"

बसली. मी मान वर केली. आजोबांनी दाढी करताना हनुवटीखाली एक पट्टा सोडला होता. मी तो दाखवला तेव्हा ते खूप वेळ हसत राहिले आणि मग बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

ही लेन्स मी दिवसभर घालू शकत नाही. काही तास, मग काढून विश्रांती. बाकीचा दिवस धुक्यात. म्हणून मला ठरवावं लागतं की स्पष्ट दिसण्याचे तास कशाला द्यायचे. भाजी मी धुक्यात निवडते, रेडिओ धुक्यात ऐकते. लेन्स घालते ती तुमच्या फोनला, वाचायला आणि आता हे लिहायला. कॅमेरा दुरुस्त झालाय हे तुम्ही बघितलंच आहे. सिद्धांत, तीळ डावीकडेच आहे.

आर्या, तुझ्यासाठी

लेन्स घालू नको असं मी म्हणणार नाही. त्यांनी मला चाळीस वर्षं दिली. पण नंबर सारखा बदलतोय तर डॉक्टरांना सांग की आजीचं बुबुळ शंकूसारखं आहे, माझ्या बुबुळाचा नकाशा काढून बघा. हे घराण्यात उतरू शकतं. उतरलंच आहे असं नाही, आणि लवकर कळलं तर आता ते थांबवायचे उपाय आहेत, जे माझ्या वेळी नव्हते. लेन्सला आणि डोळ्याला नळाचं, टाकीचं, कुठलंच साधं पाणी लावायचं नाही. लेन्स चिकटली तर ओढायची नाही. थेंब घालायचे, थांबायचं, परत घालायचे. डोळा टोचला तर ती त्या दिवशी काढायची, मग समोर कोणीही बसलेलं असो. तुमच्याकडे गाडीतला हीटर तोंडावर सोडतात ना? तो खाली वळवायला सांग. तोंडाने सांग.

या वर्षीचं वाचन

आषाढी पौर्णिमा जवळ आली तरी आक्कांचा फोन नव्हता. मग एक दिवस आजोबा खुटबावहून आले आणि शर्ट काढता काढता म्हणाले, "आक्का म्हणली, रविवारी यायला सांग तिला."

"अजून काय म्हणाल्या?"

"म्हणली, डोळं घेऊन ये म्हणाव."

मी लेन्स दुपारी उशिरा घातली, विहाराच्या अगदी आधी, आक्कांच्याच घरात, त्यांच्या आरशावर वाकून. आक्का दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी टाकीजवळचा तांब्या कुठेतरी आत नेऊन ठेवलेला माझ्या लक्षात आला. "बसली?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

विहारात पंखा होता. भिंतीकडे तोंड करून, बंद. मेणबत्त्या त्यांनी माझ्यापासून लांब, पलीकडच्या टोकाला लावल्या होत्या. खिडक्या वाऱ्यामुळे लावलेल्याच. माणसं गेल्या वर्षीपेक्षा जास्त होती आणि उकाडा असा की पुस्तक हातात धरल्यावर बोटं पानाला चिकटत होती.

मी वाचायला सुरुवात केली. वाक्य संपलं की डोळे मिटायची, थांबायची, उघडायची. सुरुवातीला लोक चुळबुळले, मॅडम अडखळतात असं त्यांना वाटलं असेल. मग त्यांना ते थांबणं सरावाचं झालं. थोड्या वेळाने मागून एका नव्या सुनेचा आवाज आला, "आक्का, पंखा तरी लावू का? मॅडम बगा किती घामाघूम झाल्यात." ती उठलीसुद्धा.

"हात लावू नको त्येला," आक्का म्हणाल्या. "घाम पुसता येतो."

ती बसली. मी आक्कांकडे बघितलं. त्या पहिल्या रांगेत मांडी घालून बसल्या होत्या, पांढऱ्या पदराने वारा घेणंसुद्धा बंद केलेलं. मी डोळे पूर्ण मिटले, थांबले, उघडले. त्यांच्या कपाळावरचा घामाचा थेंब न थेंब मला सुटा सुटा दिसत होता.

तुमची,
आजी